अश्रुकुंडाची पाटी

डोंबिवलीच्या खाडीकाठी लोक रांग लावून रडत होते. नव्या बांधकामाच्या आडोशाला, छपराखालच्या कुंडात स्वच्छ पाणी पडत होतं आणि ओंजळ भरायला वाकलेला प्रत्येक जण डोळे पुसतच वर येत होता.

"रडा, रडा! पाप डोळ्यांवाटे निघतंय," गुरुदत्त महाराज लांबून ओरडत होते. "आणि ही पाटी बघा. शुद्धीकरण केंद्र! मी नाही म्हणत, सरकार म्हणतंय."

पाटीची डावी बाजू झेंडूच्या जाड हारानं झाकली होती. बँकेतले साहेब, कॉलेजातले प्राध्यापक, सगळ्यांनी उरली तेवढी पाटी वाचली आणि भक्तिभावानं नाक शिंकरलं.

कोळीवाड्यातल्या आवडाबाईला अक्षरओळखच नव्हती. तिची सून मंजुळा पोटुशी होती आणि आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. या खेपेला म्हातारी कसलीही कसर ठेवणार नव्हती. तिनं तांब्या भरून सुनेच्या तोंडाशी नेला.

"पी गो बाय, एका दमात."

"मावशी, थांबा!" शेजारची शकू धापा टाकत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "महाराज, तुम्हीपण जरा वाका की."

"आम्ही निष्पाप. आम्हाला अश्रू येत नाहीत."

"मग घाबरता कशाला?"

रांगेत हशा पिकला. महाराजांना वाकावंच लागलं, आणि ते असे रडले की सात जन्मांचं पाप एकदम निघालं असावं. तेवढ्यात शकूनं हार उचलला. खाली शब्द होता, 'सांडपाणी'.

"संडास-मोऱ्यांचं पाणी इथं साफ करतात, मावशी. शेवटी जंतू मारायला क्लोरीन घालतात. पण मुतातला अमोनिया पाण्यात थोडा उरतोच. क्लोरीन त्याच्याशी मिळालं की डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं तयार होतात, त्यांची वाफ या छपराखाली साचते. उरलेल्या घाणीशी मिळालं की क्लोरोफॉर्मसारखी घातक. हे पाणी खाडीत सोडायचं, प्यायचं नाही."

"म्हंजे अख्ख्या डोंबिवलीची मोरी मी सुनंला पाजत व्हते?" आवडाबाईनं तांब्या पालथा केला. मंजुळेला जवळ ओढून ती खरंखुरं रडली.

महाराज केव्हाच पसार झाले होते. रांग मात्र हलेना. एवढा वेळ उभं राहून रिकाम्या हातानं कोण जाणार? तेव्हा आवडाबाईनं कुंडासमोरच फतकल मारली आणि भांडं घेऊन येणाऱ्या एकेकाला अडवायला लागली.

"तुला वाचता येतं ना रं? मंग पाटी पुरी वाच."