गच्चीवरचा हवेचा पाईप

मित्रांनो, निलंग्यातल्या एका घराच्या गच्चीवर उभा असलेला मी एक हवेचा पाईप आहे. वय फार नाही, पण मनावर ओझं मोठं आहे.

बसम्मा आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अंगणातल्या संडासापर्यंत जाणं त्यांना जमेना, म्हणून मुलाने, मृत्युंजयने, त्यांच्या खोलीला लागून नवी न्हाणी आणि संडास बांधला. कलीमभाई प्लंबरने मला भिंतीवरून थेट गच्चीवर नेलं. "भाऊ, ह्याचं तोंड झाकू नका," त्याने मृत्युंजयला बजावलं. मृत्युंजय हो म्हणाला आणि विसरला. गच्चीचा सगळा कारभार त्याच्या बायकोकडे, वर्षाराणीकडे. तिला हे कुणी सांगितलंच नाही.

संडासात पाणी सोडलं की ते खाली जाताना हवा ओढतं. ती हवा मी पुरवायची. ती मिळाली नाही, तर न्हाणीतल्या जाळीखाली साचलेलं पाणीच ओढलं जातं, आणि गटाराचा वास अडवणारं काही उरत नाही.

चैत्रात वर्षाराणीने गच्चीवर कुरडया घातल्या. माझा वास त्यांना लागू नये म्हणून तिने माझ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने करकचून बांधली. कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या, पिशवी राहिली. खरं सांगू? मला बरं वाटलं. ऊन लागेना, कावळा बसेना. मी निवांत झालो.

खाली मात्र घाण वास सुटला.

"आत्या, पाणी नीट टाकत जावा की," वर्षाराणी म्हणाली.

"दोन बकिटा वतल्या की माय," आजी म्हणाल्या. कुणाला पटलं नाही. सून नाकाला पदर लावू लागली, पाहुणे आले की दार ओढून घेऊ लागली. आजी लाजेने अर्ध्या झाल्या. जायलाच लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणं तोडलं, तेही ऐन मे महिन्यात! एका दुपारी न्हाणीच्या उंबऱ्यावर चक्कर येऊन पडल्या. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लागलं.

वास कुठून येतो ते फरशी उखडून बघायचं, म्हणून कलीमभाईला बोलावलं. त्याने बादलीभर पाणी ओतलं, जाळीतली गुडगुड ऐकली आणि तडक गच्चीवर आला. मागोमाग वर्षाराणी.

"भाभी, आजींचा काय कसूर न्हाई. हवाच बंद हाय."

त्याने पिशवी सोडली. वर्षाराणीने ती उचलून हातात घेतली. मग खाली जाऊन तिने आजींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "आत्या, पिशवी मीच बांधली होती," म्हणाली आणि रडू लागली.

"असू दे माय. कुरडया तर चांगल्या झाल्या न्हवं?" आजी म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्याचं तोंड मोकळं ठेवा. आणि घरात वास आला, तर म्हाताऱ्या माणसाला बोल लावण्याआधी एकदा गच्चीवर येऊन बघा.

वास त्याच दिवशी गेला. पण आजी अजून संडासातून बाहेर येऊन दारात थांबतात, हळूच हुंगतात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी परत आत जाऊन आणखी एक बादली ओततात. तिचा आवाज मला वर ऐकू येतो.