बोमीच्या नावावरची झोप

कोरियातल्या सोल शहराच्या देची-दोंग भागात एकेका इमारतीत सात-सात शिकवण्या चालतात. तिथल्याच एका रुग्णालयात डॉक्टर मेंग इन-सुक मुलांच्या मनाचे आजार बघायची. अकरा वर्षं तिच्यापुढे एकच तक्रार येत होती, मुलाचं लक्ष लागत नाही. आई तक्रार सांगायची आणि मूल शेजारच्या खुर्चीत पेंगत असायचं.

"झोपतं किती वाजता?" इन-सुक विचारायची.

घरात झुरळं किती आहेत असं विचारल्यासारखा आईचा चेहरा व्हायचा. "एक वाजतो," ती म्हणायची, आणि मग घाईघाईनं, "पण अभ्यास करून हं, टीव्ही बघून नाही!"

यातल्या किती मुलांना खरंच आजार आहे आणि किती जणांची नुसती झोप राहिली आहे, हे इन-सुकला एकदाचं मोजायचं होतं. तिनं संशोधन हाती घेतलं. चाळीस मुलांच्या मनगटावर झोप मोजणारा पट्टा बांधायचा. तीन आठवडे नेहमीसारखे, पुढचे तीन आठवडे रात्री दहाला अंथरुणात. नावं आली तीन. त्यातल्या दोन आया दुसऱ्याच दिवशी नाव काढून घ्यायला हजर.

मग बोमीच्या आईच्या वाचनात माहितीपत्रकातलं एक वाक्य आलं, झोपेत पाठांतर पक्कं होतं. बोमीची आई म्हणजे त्या भागातल्या आयांची पुढारी. कुठला मास्तर चांगला, कुठला काढा पाजावा, सगळं तिच्या तोंडून ठरायचं. तिनं ते वाक्य आयांच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत दोनशे बारा नावं आली. इन-सुकनं चिठ्ठ्या टाकून त्यातली चाळीस निवडली. एका आईनं फोन करून विचारलं, "प्रवेश परीक्षा कधी आहे?"

पहिल्या तीन आठवड्यांत झोप इतकी कमी निघाली, की इन-सुकनं ते आकडे दोनदा तपासले. दुसऱ्या तीन आठवड्यांचे आले आणि संचालक यॉम स्वतः तिच्या खोलीत चालत आले. एरवी ते बोलावून घ्यायचे.

"अप्रतिम!" ते म्हणाले. "पत्रकारांना बोलावतो. ही बांग बोमी बघा, नऊ वर्षांची. रोज साडेआठला झोप, साडेचारला जाग. काय शिस्त आहे!"

"साहेब, ही मुलगी रात्रीतून तीनदा उठते."

"उठू दे की. परत झोपते ना?"

त्याच आठवड्यात बोमी चाचणीला आली. पडद्यावर तारा दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम. पाचव्या ताऱ्याला तिचं डोकं टेबलावर टेकलं आणि बोट बटणावरच राहिलं. तिला न्यायला आजोबा आले होते. त्यांनी दप्तर उचलायला हात पुढे केला, तेव्हा बाहीतून पट्टा डोकावला.

"आजोबा, हा पट्टा..."

"माझाच की! सुनेनं बांधला. म्हणाली, बाबा, नाहीतरी तुम्ही जेवलं की आडवे होता, नातीसाठी तेवढं करा." आजोबा जवळ सरकले. "डॉक्टरीणबाई, कसं चाललंय माझं?"

"छान चाललंय. फक्त तीनदा उठता."

"वय झालं हो. त्यामुळे पोरीचं नुकसान होत असेल तर संध्याकाळचं पाणी बंद करतो."

इन-सुकला रागवायचं होतं, पण हसू आलं. मग टेबलावर गाल टेकून झोपलेल्या बोमीकडे लक्ष गेलं आणि हसू तिथंच विरलं.

तिनं घरोघरी फोन लावले. अकरा पट्टे आजी-आजोबांच्या हातात होते, एक ड्रायव्हरच्या. एक घरच्या कुत्र्याच्या पायात निघाला. त्या कुत्र्याचा आलेख संचालकांनी "आदर्श बालक" म्हणून भाषणासाठी बाजूला काढून ठेवला होता.

बोमीच्या आईला तिनं बोलावून घेतलं. बाई जराही खजील झाली नव्हती.

"मग काय करायचं होतं मी? दहाला झोपवलं असतं तर गणिताचा वर्ग कुणी केला असता, तुम्ही?"

"पण बोमीच्या आई, तुम्हीच तर नाव दिलं होतं."

"सगळ्यांनी दिलं, म्हणून दिलं. तुम्ही चाळीस मुलं झोपवणार. बाकीची जागीच राहणार ना? आधी त्यांना झोपवा डॉक्टर, मी माझीला त्याच दिवशी झोपवते. तिला झोप नकोय असं का वाटतं तुम्हाला? मी आई आहे तिची."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज चिरकला.

संचालकांचं म्हणणं, तेवढे तेरा आकडे गाळा आणि उरलेले छापा. इन-सुकनं ऐकलं नाही. तिनं अहवालात लिहिलं, की दहाला झोपणारी मुलं खात्रीनं मिळाली नाहीत, सबब संशोधन फसलं. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची झोप मात्र चांगली आहे. पत्रकार परिषद रद्द झाली. महिनाभर संचालक लिफ्टमध्ये तिला बघून मोबाइल काढायचे.

पुढच्या खेपेला बोमी आली, तेव्हा इन-सुकनं संगणक बंदच ठेवला. पडदे ओढले आणि कोचावर पांघरूण टाकलं.

"इथं काय करायचं?" बोमीनं विचारलं.

"आडवं व्हायचं."

"किती मार्कांचं आहे?"

"मार्क नाहीत."

बोमीला हे काही पटलं नाही. तरी ती आडवी झाली आणि दोन तास हललीसुद्धा नाही. उठल्यावर तिनं ताऱ्यांची चाचणी दिली. दोनशे ताऱ्यांपैकी दोन चुकले. इन-सुकनं तिच्या फाइलवर लिहिलेला लक्ष न लागण्याचा आजार लाल शाईनं खोडला.

"काय केलंत हो हिला?" बाहेर आई विचारत होती. "पोरगी टवटवीत दिसतेय!"

झोपवलं म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. "विश्रांत अवस्था निरीक्षण," इन-सुक गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "दोन तासांचं असतं. आठवड्यातून तीनदा आणावं लागेल."

"तीनदाच? रोज नाही का चालणार?" असं म्हणत बाईनं तिथल्या तिथं फोन लावून इंग्रजीची एक शिकवणी रद्द केली.

चेरीचा बहर ओसरेपर्यंत त्या खोलीत सहा गाद्या पडल्या होत्या आणि दाराबाहेर यादी लागली होती. संचालक यॉम पुन्हा बोलायला लागले. इन-सुकच्या मनाला ते खोटं नाव टोचायचं. पण दुपारी दार किलकिलं करून ती सहा श्वास ऐकायची आणि कुणाला जाग येणार नाही अशा बेतानं दार पुन्हा लावायची.

एके दिवशी बोमीची आई थांबून राहिली. इकडेतिकडे बघत तिनं आवाज खाली आणला.

"डॉक्टर, खरं सांगा. या निरीक्षणात आमची बोमी कितवी आहे?"

इन-सुकनं फाइल उघडली, दोन पानं उलटली, चष्मा सारखा केला.

"पहिली."

मग बाकीच्या पाच आयांनाही तिनं एकेकीला बाजूला घेऊन तेच सांगितलं.