सड्याच्या ठरावाचं मागचं पान

मी ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही बोलतेय. जरा सावरून बसा, कारण मला स्वतःलाच धीर धरवत नाहीये!

हातखंब्याहून रिक्षानं आत आलं की आमचं गाव. माझा जन्म रत्नागिरीतला. लाल पुठ्ठा, दोनशे पानं. सभेत कोण काय बोललं ते ग्रामसेवक गुरुप्रसाद माझ्यात शब्दन्‌शब्द उतरवतात. माणसं तावातावानं भांडतात, खाली सह्या ठोकतात आणि चहाला जातात. सहा वर्षं मला वाचलं ते फक्त कसरीनं.

आणि गेल्या आठवड्यात मी एकदम प्रसिद्ध झाले! दाखल्यासाठी आलेल्या महिपतकाकांनी माझ्या उघड्या पानाचा फोटो काढला. पानाच्या तळाशी होतं, 'सौ. हौसा यांनी सांगितले की, सड्यावरची जागा खडी क्रशरला देऊन टाकावी'. दुपारपर्यंत मी तीन वाड्यांच्या ग्रुपवर! कपाटात बसल्या बसल्या गावभर फिरले. पण फिरले ती खोटी साक्षीदार म्हणून.

हौसाकाकू सरपंचपदाला उभ्या, मतदान रविवारी. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, सगळ्या गावाची गुरं चरतात. काकूंना कुणी दारात उभं करेना. त्यांनी पत्रकं कोपऱ्यात टाकली. "मी असा बोललेच नाय. पण वहीचाच फोटो हाय, माझा कोण ऐकतोय?"

हे सगळं मला त्यांच्या सुनेकडून, मनस्वीकडून कळलं. लग्नाला दोन महिने झालेले, हातातला हिरवा चुडा अजून नवाच. गुरुप्रसादांसमोर येऊन ती हळूच म्हणाली, "भाऊ, वही बघू?"

"फोटो आलाय की ग्रुपवर."

"फोटो बघितला. वही बघायचीय."

अहो, मला तर गुदगुल्याच झाल्या! तिचं बोट ओळीओळीवरून खाली उतरलं, पान उलटलं, आणि ती फिसकन हसली. मग महिपतकाकांनाच बोलावून आणलं. "काका, तुम्हीच मोठ्यानं वाचा." दाखल्याच्या रांगेनं कान टवकारले.

काका वाचू लागले, "'...देऊन टाकावी, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी आधी आपल्या परसात क्रशर चालवून दाखवावा. आम्ही बघायला येऊ.' जागा देण्यास सभेचा विरोध. सह्या..."

आणि थांबले. पहिलीच सही त्यांची होती!

"काका, सही वळखीची वाटते काय?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"गप मेल्या!"

"काका," मनस्वी शांतपणे म्हणाली, "आता दोन्ही पानं ग्रुपवर टाका. आणि तुमच्याच आवाजात वाचूनही."

काकांनी घसा खाकरत खाकरत टाकलं. संध्याकाळी हौसाकाकू पत्रकं घेऊन पुन्हा वाडीत फिरत होत्या, आणि पहिला चहा महिपतकाकांच्याच ओटीवर झाला म्हणे.

मतं कुणाला पडतील, मला ठाऊक नाही. ती माझ्यात लिहीत नाहीत. पण आता रोज कुणी ना कुणी येतं. काल तर एकानं फोटो न काढता उभ्याउभ्या दहा मिनिटं मला वाचलं. मी लाजून चूर!

तुम्हीपण या ना. कपाट सकाळी दहाला उघडतं. माझी कितीतरी पानं अजून कुणी बघितलेली नाहीत, आणि त्यांतल्या नळपाण्याच्या भांडणाचं तर काय सांगू तुम्हाला!