नावेची खोड

रामसिंग नाव बघायला लागला ते बैल बघतात तसं. आधी लांबून एक फेरी मारली, मग मागून येऊन फळीवर थाप दिली, वाकून बुडाखाली डोकावला, डांबराला बोट लावून वास घेतला. दात तेवढे मोजायचे राहिले. माणसाचा जन्म गुरांच्या बाजारात गेलेला. जवळा बाजारचा आठवडी बाजार त्यानं क्वचितच चुकवला असेल. नाव मात्र तो पहिल्यांदाच घेत होता, आणि विकणाऱ्या नर्मदाबाईनं आजवर कोंबड्यांपलीकडे काही विकलेलं नव्हतं. म्हणून मध्ये तिचा दीर कोंडीबा उभा होता. आपण मध्ये उभे राहिलो की सौदा होतोच, असं कोंडीबा सगळ्यांना सांगायचा. दुसरं कुणी कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठी, बाभळीच्या सावलीत नाव ठेवली होती. नर्मदाबाईच्या नवऱ्याची, मसाजीची नाव. धरण भरलं तेव्हा पलीकडचा रामसिंगचा तांडा एका बाजूला पडला. औंढ्याच्या दवाखान्याला किंवा बाजाराला जायचं तर रस्त्यानं अर्धा दिवस मोडायचा. मसाजी माणसं इकडून तिकडे न्यायचा आणि सुगीला तांड्यावरून ज्वारी आणायचा. वल्हं मारून मारून खांदे दुखायला लागले तेव्हा त्यानं नावेत डोलकाठी रोवली आणि तंबूच्या जुन्या कापडाचं शीड लावलं. आसपासच्या गावांत तशी नाव दुसरी नव्हती. पोरं काठाकाठानं तिच्याबरोबर पळायची, आणि मसाजीही उगाच मिशीला पीळ भरायचा.

हिंगोली जिल्हा अजून झालेला नव्हता, तेव्हा एका दुपारी मसाजी त्याच नावेवरून पाण्यात गेला. लोकांनी नाव ओढून काठाला आणली आणि बाभळीखाली पालथी घातली. त्यानंतर तिच्यावर शेळ्या चढायच्या, उन्हानं फळ्या उलायच्या, आणि नर्मदाबाई पाण्याला जाताना तोंड दुसरीकडे करायची.

तिला आणखी बरीच वर्षं तसंच तोंड फिरवता आलं असतं. पण तिचा मुलगा प्रभू मोठा झाला. शिरड शहापूरला एका खताच्या दुकानात पोती उचलायचं काम करायचा. या होळीपासून मात्र काम सुटलं की थेट नावेपाशी. उलथी नाव त्यानं मित्रांना धरून सुलटी केली, फटींत कापूस ठासला, डोलकाठी जुन्याच भोकात ठोकून बसवली, सगळ्यावरून डांबर ओतलं. पाऊस होऊन पाणी फुगलं की शीड लावून पार जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. नर्मदाबाईनं रागावून पाहिलं, रडून पाहिलं, दोन दिवस उपाशी राहून पाहिलं.

"तुला काहून जायचंय रं पाण्यावर?" ती विचारायची.

"जायचंय," एवढंच तो म्हणायचा.

रक्तच भोयाचं, दुसरं काय, असं तिनं मनाशी धरलं. पाण्यानं एक नेला होता. दुसरा ती देणार नव्हती. नाव राहिली तर पोरगा जाणार, म्हणून नाव गेली पाहिजे. तिनं कोंडीबाला सांगितलं आणि कोंडीबानं रामसिंगला आणलं. आता प्रभू थोड्या अंतरावर दगडावर बसला होता, सगळ्यांकडे पाठ करून. नाव आईची होती, तिथं त्याचं काही चालण्यासारखं नव्हतं.

रामसिंगबरोबर त्याची सून सेवा आली होती, तान्हं लेकरू पदराखाली घेऊन. तिचं आधीचं मूल तापानं फणफणलं होतं, आणि दवाखाना गाठेपर्यंत वाटेतच गेलं होतं. त्या दिवसापासून रामसिंगनं नावेचा ध्यास घेतला होता.

"सौदा कसा करायचा?" म्हणत त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि कोंडीबाच्या हातावर पसरला. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तसा नावेचा ठरला. वर दोघांची तोंडं अशी मख्ख, की खाली काय चाललंय याचा बाभळीलाही पत्ता लागू नये. शेवटी रामसिंगनं मान हलवली.

"ठरलं," कोंडीबा म्हणाला. "वैनी, नारळ आना."

"दमा," रामसिंग म्हणाला. "खोड राहिली सांगायची."

नारळाकडे वळलेली नर्मदाबाई थबकली.

"मसाजीदादा मला सांगायचा," रामसिंग पुढे बोलला. "बैल इकताना खोड लपवली तर घेणाऱ्याचं शेत पडीक राहतं. नावेची खोड लपवली तर मानूस राहत न्हाई. त्याच्या आज्यापासून घरात रीत हाय म्हनला. इकनाऱ्यानं नावेच्या टोकावर हात ठिवायचा अन् तिच्या खोडी बोलून दाखवायच्या. बराबर हाय का न्हाई?"

"बराबर हाय," कोंडीबानं घाईनं पुढं होऊन हात ठेवला. "डाव्या अंगाला वढती जराशी. फळ्या पान्यात फुगल्या की ऱ्हायलेल्या फटी बुजतील. बस. दुसरी खोड न्हाई."

"तुमी न्हाई. मालकीन."

नर्मदाबाई जागची हलली नाही. कोंडीबानं तिच्याकडे डोळे वटारले. आदल्या दिवशीच त्यानं तिला बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. विकली की सुटलीस. आणि तिनंही ठरवलं होतं. काय चुकीचं होतं त्यात? तिला एकच पोरगा होता. तांडा मोठा होता, त्यांच्यात दहा माणसं होती नाव बघणारी, ते बघतील आपलं. रात्रभर तिनं स्वतःची अशी समजूत घातली होती.

तेवढ्यात सेवा नावेत चढली. तिला कुणी चढ म्हटलं नव्हतं. ऊन लागत होतं आणि लेकरू किरकिरत होतं. नावेवर बाभळीची सावली होती. आडव्या फळीवर ती बसली, डोलकाठीला पाठ टेकवली आणि लेकराला पाजायला घेतलं. डोलकाठी किंचित हलली. सेवाला ते कळलंसुद्धा नाही.

"ऊठ तिथून!" नर्मदाबाई ओरडली.

सेवा दचकून उठली. नर्मदाबाई पुढे झाली, नावेच्या टोकावर हात ठेवला, आणि मग तिला थांबता आलं नाही.

"डोलकाठी ज्यात रोवलीय ते बुडावरचं लाकूड सडलंय," ती म्हणाली. "आतून पार भुसा झालाय. वरून डांबर हाय म्हनून दिसत न्हाई. ते प्रभूच्या बापाच्या टायमालाच सडलं व्हतं. त्येस्नी म्हाईत व्हतं. गोनपाट कोंबून डांबर वतलं अन् मला म्हनले, सुगी झाली की बदलतो. तवर तुमची मानसं त्याच नावेतून नेली." तिनं रामसिंगकडे पाहिलं. "लई दिवस नेली, रामसिंगभाऊ. लेकरंबाळं नेली."

कोंडीबानं कपाळावर हात मारला.

"मी काठावर धुनं धूत व्हते त्या दिवशी. वारं बी लई नव्हतं. शीड भरलं अन् काठी बुडातून उपसून त्येंच्या डोक्यात बसली. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. मग मानसं जमली अन् इचारायला लागली, कसं झालं, काय झालं. आता मेलेल्या मानसाला कुनी म्हनावं का, की सडक्या नावेत लोकास्नी बसवत व्हता म्हनून? मी म्हनलं, वाऱ्यात शिडाची दोरी सुटली न्हाई म्हनून नाव कलंडली. समद्यास्नी तेच सांगितलं. खोटं सांगितलं मी."

एवढं बोलून तिनं नावेवरचा हात काढला. आता काय व्हायचं ते तिला दिसत होतं. रामसिंग जाणार, नाव राहणार, आणि पाणी चढलं की पोरगा शीड लावणार. नवऱ्याची अब्रूही गेली आणि पोरगाही गेला. आपल्यासारखी मूर्ख बाई औंढा तालुक्यात दुसरी नसेल, असं तिला मनापासून वाटलं.

रामसिंगनं कोंडीबाच्या हातावरचा रुमाल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "चल गं," तो सुनेला म्हणाला, आणि दोघं काठाच्या वाटेला लागली.

तेव्हा प्रभू दगडावरून उठला.

"आई," तो जवळ येऊन म्हणाला. त्याचा चेहरा असा काही झाला होता की नर्मदाबाई घाबरली. "दोरीनं न्हाई झालं?"

"न्हाई म्हनलं ना."

"तू माझ्यासाठी बोलून राहिली. मला बरं वाटावं म्हनून."

"तुला काहून बरं वाटावं त्यात?"

"दोरी मी बांधली व्हती." तो खाली बघत बोलायला लागला. "त्या दिवशी, शाळंत जायच्या आधी. बाबा म्हनला, वढली की सुटंल अशी गाठ मार. मला ती येतच नव्हती. मी साधी मारली, अन् बाबाला न्हाई सांगितलं, मारंल म्हनून. नाव काठाला आनली तवा माझी गाठ तशीच व्हती. अन् तू समद्यास्नी सांगून राहिली व्हती, दोरी सुटली न्हाई, दोरी सुटली न्हाई."

नर्मदाबाईनं नावेची कड धरली.

"मला वाटायचं," प्रभू म्हणाला, "एकदा ती नाव नीट पार नेली तर जाईल डोक्यातून."

"दोरीला हात घालायची येळच आली न्हाई रे त्येच्यावर. देवाशप्पथ."

प्रभूला ते पटलं नाही. आईच ती, पोरासाठी काहीही बोलेल. तो नावेत चढला, डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि जोर लावून वर ओढली. इतका जोर लागणारच नव्हता. शेतातला मुळा उपटावा तशी ती हातात आली, आणि तो मागच्या मागे फळीवर बसला. काठीच्या बुडाला काळं गोणपाट चिकटलं होतं, बापानं कोंबलेलं. भोकातून तपकिरी भुसा नावेत सांडला. प्रभूनं मूठभर भुसा उचलला, बोटांत चुरला, आणि मग तो मोठ्यानं रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, पण लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत रडला. बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा सगळे म्हणाले होते, पोरगं मोठं धीराचं आहे.

रडणं ऐकून रामसिंग वाटेतून मागे फिरला. त्यानं नावेत डोकावून ते भोक पाहिलं, काठीचं बूड पाहिलं.

"काठी गेली," तो शेवटी प्रभूला म्हणाला. "बाकीची कशी हाय?"

प्रभूनं बाहीनं तोंड पुसलं. "बाकीची चांगली हाय. बुडाची फळी न् फळी मी तपासली. ते लाकूड काढून तिथं नवं ठोका. शीड लावू नका, वल्ह्यावर चालवा."

"तू येशील चालवायला?"

नर्मदाबाईनं झटकन प्रभूकडे पाहिलं.

"न्हाई," प्रभू म्हणाला. "मला न्हाई जायचं आता. तुमच्या पोरास्नी वल्हं शिकवतो, काठालगत. तुमी न्या ती."

नारळ फुटला. तिसऱ्या प्रहरी तांड्याची बाजाराला आलेली माणसं आली आणि नाव पाण्यात लोटून, दोन वल्ह्यांवर, हळूहळू पलीकडे घेऊन गेली. कोंडीबा ज्याला त्याला सांगत सुटला की सौदा आपण जमवला.

मायलेक बाभळीखाली बसून राहिले. नर्मदाबाईच्या मनासारखं झालं होतं. नाव गेली होती आणि पोरगा जवळ होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो ठेवू दिला.

"आई," तो म्हणाला, "लोकास्नी न्हाई सांगायचं, ते समजलं. मला काहून न्हाई सांगितलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याच्या बाहीला चिकटलेला भुसा नर्मदाबाई नखानं काढत राहिली.