पाय धुण्याचा रविवार

आमच्या डोंगरातल्या चर्चमध्ये बाबा एल्डर, म्हणजे धर्मोपदेशक होते; ते प्रवचन बोलत नसत, गात. आधी साधं बोलणं, मग हळूहळू सूर चढायचा, ओळीच्या शेवटी श्वासाचा 'हा!' यायचा आणि आम्ही बाकांवर डोलू लागायचो. तशी गोडी मला दुसऱ्या कशात लागली नाही.

माझा भाऊ टॅल्मेज मात्र रविवारी मातीच्या ट्रॅकवर असायचा. घरच्याच गाडीचे दरवाजे पट्ट्यानं बांधून तो शर्यतीत उतरला, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात या खेळाला धड नियमही नव्हते. दोनदा तो अमेरिकेच्या साऱ्या दक्षिणेत पहिला आला. पहिला कप आणला त्याच महिन्यात, रविवारची शर्यत हे पाप म्हणून, चर्चच्या मंडळीनं त्याला सभासदत्वातून काढून टाकलं. ठराव वाचला बाबांनीच.

पुढे एका शर्यतीत बरगड्या मोडून तो घरी बसला. बाबाही थकले. येशूनं शिष्यांचे धुतले तसे वर्षातून एकदा आम्ही चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुतो, पण मंडळीतल्यानंच मंडळीतल्याचे. टॅल्मेज मला म्हणाला, "ऑर्फा, यंदा बाबांचे पाय मला धुवायचेत. पुढच्या वर्षी असतील, नसतील."

"मग उभा राहून चूक झाली म्हण. सगळे हात देऊन तुला मंडळीत परत घेतील."

त्या रविवारी तो उभा राहिला. डीकन क्लीटस, बाबांचा चर्चमधला मदतनीस, हसून म्हणाला, "चॅम्पियन, या वळणावर ब्रेक दाबावाच लागतो हं!"

टॅल्मेजही हसला. "रविवार चुकवले, त्याचं वाईट वाटतं. बाबांचं गाणं चुकलं, त्याचं तर फारच."

"आणि शर्यत?" बाबांनी विचारलं. "पाप होतं म्हण, पोरा. दोन शब्द."

सगळा डोंगर घुमवणारा तो आवाज एवढासा झाला होता.

"बाबा, त्या धुळीत, त्या वेगात मला देव जवळ वाटायचा. त्याच्याच घरात खोटं कसं बोलू?"

कुणी हात पुढे केला नाही. बाबांनी डोळे मिटले. "नको बोलूस," ते म्हणाले.

टॅल्मेज शेवटच्या बाकावर जाऊन बसला. घंगाळ आलं. क्लीटस बाबांपुढे गुडघ्यांवर बसला. बाबा त्याच्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे बघत होते.

"एकदा तरी ट्रॅकवर जाऊन बघायला हवं होतं," ते पुटपुटले.

"काय म्हणालात, एल्डर?"

"काही नाही. पाणी गार झालंय."

तंबाखूची पानं तोडणीला येण्याआधीच बाबा गेले. शवपेटीला खांदा द्यायला मात्र टॅल्मेजला कुणी अडवलं नाही.