कांजण्या झाल्या होत्या काय?

कामरगावच्या केशरबाईंच्या पाठीवर नागीण उठली, तेव्हा त्यांची सून पौर्णिमा पाच महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांनी बजावलं, "कांजण्यांचाच विषाणू अंगात दबून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. सुनेला कांजण्या झाल्या नसतील, तर या फोडांपासून तिला जपा."

केशरबाईंनी त्याच दिवशी खाट ओसरीवर हलवली.

"तुले लहानपणी कांजण्या झाल्या होत्या काय व?"

"मले काय मालूम, आत्याबाई? माय गेली तवा मी तीन वर्साची होती."

पौर्णिमानं तिला वाढवणाऱ्या रिसोडच्या मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "माह्याकडे आल्यावर तर नाही झाल्या. त्याच्या आंधीचं तुह्या मायलेच ठावं."

मग रक्त तपासायला दिलं. चार दिवस केशरबाई आग सोसत कण्हत राहिल्या. पाठीला मलम लावायला हात पुरत नव्हता, तरी त्यांनी सुनेला जवळ येऊ दिलं नाही.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. तुम्हाला कांजण्या होऊन गेल्यात. अंगात प्रतिकारशक्ती आहे."

आईचा चेहराही पौर्णिमाला आठवत नव्हता. पण तापानं फणफणलेल्या आपल्याला आईनं मांडीवर घेतलं असेल, खाजवू नये म्हणून हात धरून ठेवले असतील, हे आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

घरी येताच तिनं मलमाची ट्यूब उचलली.

"पाठ करा इकडे, आत्याबाई," ती म्हणाली.