सिगारेटच्या पाकिटातली चांदी

चीनमधल्या एका सूतगिरणीच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरून, हात न लावता रोग बरे करणारे फङ गुरुजी म्हणाले, "सिगारेटच्या पाकिटातली चांदी द्या बरं कुणीतरी! तुमचीच हवी. उद्या म्हणाल, फङनं घरून आणली!"

लोक हसले. दहा पाकिटं पुढं झाली. गुरुजींनी ती चांदी आपल्या ओल्या फडक्यात गुंडाळली, म्हाताऱ्या तानच्या पायाच्या तळव्याला बांधली आणि तीन हात अंतरावरून आपला पंजा रोखला. "येतंय... आकाशातलं चैतन्य उतरतंय..." नळाला पाणी आल्याची वर्दी द्यावी तसा त्यांचा सूर.

"भाजतंय! अगं लान, भाजतंय!" तान ओरडला.

साखरेच्या आजारानं दोन वर्षं बधिर झालेला पाय तो! टाळ्यांनी छप्पर दणाणलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी त्याची मुलगी ह्वेईलान, म्हणजे त्याची लान, पहिल्याच रांगेत होती. बापाचे भरून आलेले डोळे पाहून तिनंही टाळी वाजवली.

तान गिरणीत बॉयलरवर होता. निवृत्तीनंतर रोज सकाळी पॉप्लरच्या झाडांखाली तो चीगोंग करायचा. संथ श्वास, संथ हात. त्यानं झोप लागायची, डोकं शांत राहायचं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच फङचं सगळं खरं वाटलं.

"सुई बाहेरची, चैतन्य आतलं," फङ म्हणाला होता. "दोघं एका घरात नांदत नाहीत. आणि नऊ दिवस पट्टी सोडायची नाही!"

तान इन्सुलिन घेईना. ह्वेईलान रडली, भांडली. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शहाणपण शिकवतेस? टाळी कुणी वाजवली गं?" तान म्हणाला.

सातव्या दिवशी वास आला. तिनं न विचारता पट्टी सोडली. तळवा काळा पडला होता. बधिर पायाला कळलं त्याच्या कितीतरी पट भाजलं होतं. आणि चांदीवर बुरशीसारखा पांढरट भुगा आला होता. असा भुगा तिनं शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला होता.

डॉक्टर भडकले. "इतके दिवस झोपला होतात काय? आता गुडघ्याखालून कापावा लागेल."

पुढच्या रविवारी तेच सभागृह, तीच गर्दी. ह्वेईलान सरळ व्यासपीठावर चढली. फङच्या घमेल्यातलं ओलं फडकं उचललं, समोरच्या एकाकडून चांदी मागून त्यात गुंडाळली आणि लाकडी खुर्चीवर ठेवली. गुरुजींचा पंजा पोचू नये म्हणून त्यांना दाराशी जायला सांगितलं. थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या शेजारणीला म्हणाली, "बाओ मावशी, वरून हात लावा."

"आई गं! तापलंय की!"

"या खुर्चीला साखर झालीय का? चैतन्य हिच्यात उतरलं का? फडक्यात पाऱ्याचा क्षार आहे. सिगारेटची चांदी म्हणजे ॲल्युमिनियम; त्याला तो लागला की ते आपोआप तापतं. तो क्षार विष आहे."

"नास्तिक बाईनं चैतन्य बाटवलं!" दारातून एवढं ओरडून फङ पसार झाला. निम्मी गर्दी तिच्यावरच चिडली. "पण तानला ऊब लागली होती ना?" एकजण म्हणाला.

दवाखान्यात तानही तेच म्हणाला. "लान, खरंच भाजलं होतं गं."

"भाजलंच होतं, बाबा. त्यानंच पाय गेला."

आता तो खाटेवर बसून सकाळी संथ हात हलवतो. ती शेजारी उभी राहून श्वास घेते. पण आधी सुई देते.

श्वास घ्या, हात हलवा, बरं वाटतं. मात्र तुमच्याच खिशातली वस्तू घेऊन कुणी चमत्कार दाखवला, तर फडकं कुणाचं, एवढं तरी विचारा. ह्वेईलाननं ते पहिल्या रविवारी विचारलं नाही. याचं दुःख तिला रोज सुई भरताना होतं.